लॉ स्कूलच्या प्राध्यापकांच्या कामाच्या यादीत खरं वजनदार काय, हे कसं ओळखायचं?

अमेरिकी लॉ स्कूलं प्राध्यापकांच्या ताज्या लेखनाच्या लांबलचक याद्या काढतात, त्यातलं भरीव कोणतं आणि भरतीचं कोणतं, असा तुमचा प्रश्न आहे.

नियतकालिकाच्या नावावर लगेच भाळू नका. तिथल्या बहुतेक लॉ रिव्ह्यूंचे, म्हणजे लॉ स्कूलांतून निघणाऱ्या कायद्याच्या नियतकालिकांचे, संपादक विद्यार्थी असतात. १८८७ साली निघालेला 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'ही विद्यार्थीच चालवतात. एकच लेख एकाच वेळी कितीतरी ठिकाणी पाठवता येतो. फेब्रुवारी-मार्च आणि ऑगस्ट हे त्याचे मुख्य हंगाम. एकाचा होकार आला की लेखक तो दाखवून वरच्या नियतकालिकाकडे लवकर निर्णय मागतो आणि अशा पायऱ्या चढत जातो. म्हणजे मोठं नाव मिळालं तरी त्या विषयातल्या जाणकारांनी लेख पारखला असेलच असं नाही. आकडेवारीवरचं काम असेल तर ते 'जर्नल ऑफ एम्पिरिकल लीगल स्टडीज'सारख्या तज्ज्ञ-परीक्षित ठिकाणी आलंय का, ते बघा. उलटही घडतं, कमी नावाच्या ठिकाणी वजनदार लेख येतो: कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेन्शॉ यांनी 'इंटरसेक्शनॅलिटी' (वंश, लिंग असे भेदभाव एकमेकांत गुंतलेले असणं) ही संज्ञा मांडली तो १९८९ चा लेख 'युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो लीगल फोरम'मध्ये आला होता, विद्यापीठाच्या मुख्य लॉ रिव्ह्यूमध्ये नव्हे.

मग लेख उघडा आणि पहिल्या पानाच्या तळाशी लेखकाच्या नावापुढच्या फुलीची (*) टीप वाचा. मसुदा कोणी वाचला, कुठल्या कार्यशाळांत मांडला, पैसा कोणी दिला, हे सहसा तिथेच असतं. विषयातले टीकाकार त्या आभारांत दिसले तर चांगली खूण. फक्त स्वतःच्याच विभागातली मंडळी असतील तर जरा सावध.

बाकी नोंदींचं थोडक्यात. 'प्रकाशनाच्या वाटेवर' असलेला लेख पुढच्या वर्षीच्या यादीत पुन्हा झळकतो, तो दोनदा मोजू नका. लॉ रिव्ह्यूच्या ऑनलाइन पुरवणीतला लेख बहुधा छोटा असतो. एसएसआरएन या शोधनिबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर लेखक स्वतःच मसुदा चढवतो. डाउनलोडच्या आकड्यावरून विषय चर्चेत आहे एवढंच कळतं. अमायकस ब्रीफवर (खटल्यात पक्षकार नसलेल्यांनी न्यायालयाला दिलेल्या लेखी निवेदनावर) प्राध्यापकांच्या ढीगभर सह्या असतात, लिहिणारे मोजकेच. न्यायालयाने लेख उद्धृत केला असेल तर निकालातलं ते वाक्यच काढून वाचा: युक्तिवाद त्यावर उभा आहे, की 'हेही पाहा' म्हणून तळटीपेत टाकलाय?

अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूट या कायदेतज्ज्ञांच्या संस्थेवर सदस्य म्हणून निवड होणं हा मान आहेच. पण 'रिस्टेटमेंट'चा (एकेका विषयावरचा कायदा सूत्रबद्ध मांडणाऱ्या तिच्या ग्रंथाचा) रिपोर्टर, म्हणजे मसुदाकार, ही नोंद दिसली तर थांबा: तो मसुदा लिहिण्यात वर्षं जातात, आणि न्यायाधीश तो निकालांत वापरतात.