अनोळखी शहरात भाड्याची गाडी रस्त्यावर लावावी की गॅरेजमध्ये? दंड झाला तर तो आपल्यापर्यंत येतो का?

गॅरेजमध्ये लावा. आणि हो, दंड येतो. भाड्याच्या गाडीचाही येतो, परदेशातला असला तरी येतो. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचून उत्तर लिहायला बसले, कारण "भाड्याच्या गाडीचा दंड आपल्याला कोण विचारतंय" हे वाक्य आमच्या घरात अजून बोललं जातं.

इटलीला गेलो होतो. मी, नवरा, ताई आणि भाऊजी. गाडी माझ्या नावावर, क्रेडिट कार्ड माझं, भाऊजींचं नाव दुसरे ड्रायव्हर म्हणून करारात घातलेलं. टस्कनीतल्या एका जुन्या शहरात मुक्काम होता. तटबंदीच्या बाहेरचं एक गॅरेज मी निघायच्या आधीच बघून ठेवलं होतं, तिथून खोलीपर्यंत चालत जाता आलं असतं. त्या दिवशी स्टिअरिंग भाऊजींकडे होतं. गॅरेजचं वळण आलं तसं मी म्हटलं, "भाऊजी, इथून उजवीकडे." तर म्हणाले, "अगं, नुसती गाडी उभी करायला एवढे पैसे? आत गल्लीत जागा असतेच. सगळे लावतातच की." आणि गाडी सरळ वेशीतून आत.

वेशीवर पाटी होती. पांढरं वर्तुळ, लाल कडा, खाली वेळा. मी ती पाटी बघून थांबा म्हटलं, मागून ताईनेही म्हटलं. इटलीतल्या कितीतरी जुन्या शहरांचा मधला भाग असा असतो, झेडटीएल म्हणतात त्याला. ठरलेल्या वेळात फक्त परवाना असलेल्या गाड्या आत जाऊ शकतात. तिथे बहुतेक वेळा फाटक नसतं, अडवायला पोलीसही नसतो. वर कॅमेरा असतो, तो नंबरप्लेट टिपतो आणि तुम्हाला काही कळतही नाही. कोणी अडवलं नाही म्हणजे चालतं, असा भाऊजींचा समज तिथेच पक्का झाला.

आत जागा मिळायचा प्रश्नच नव्हता. इटलीत पांढऱ्या रेघा म्हणजे फुकट, निळ्या म्हणजे पैसे भरून, पिवळ्या म्हणजे राखीव. आत सगळ्या पिवळ्या. "सगळे लावतात" ते सगळे तिथले रहिवासी होते, त्यांच्याकडे परवाने होते. एकेरी गल्ल्यांतून फिरत एका वेशीतून बाहेर पडलो, दुसरीतून पुन्हा आत. ताई मागे गप्प बसून होती. शेवटी गाडी लावली ती तटाबाहेरच, निळ्या रेघांत, मशीनमध्ये पैसे टाकून.

सकाळी काचेवर चिठ्ठी नव्हती. भाऊजी म्हणाले, "बघ, झालं का काही?"

झालं ते काही महिन्यांनी. आधी गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीने माझ्या कार्डावरून पैसे कापले. तो दंड नव्हता, माझं नाव-पत्ता तिथल्या नगरपालिकेला कळवल्याचं शुल्क होतं. करारात ते छापलेलं असतं आणि खाली आपली सही असते, त्यामुळे भांडून उपयोग नाही. मग नोटिसा आल्या, दोन वेशींच्या दोन, कारण तेव्हा प्रत्येक प्रवेश वेगळा गुन्हा धरला. नोटीस करारावरच्या नावाने निघते. स्टिअरिंगवर कोण होतं याच्याशी कॅमेऱ्याला देणंघेणं नसतं. परदेशात राहणाऱ्याला नोटीस पाठवायला तिथल्या कायद्यात ३६० दिवसांची मुदत आहे, तेव्हा घरी पोहोचलो म्हणजे सुटलो असं समजू नका.

भाऊजींचं म्हणणं, "भरू नकोस, इथे कोण वसूल करायला येतंय?" मी भरला. नोटीस हातात पडल्यापासून ५ दिवसांत भरला तर ३० टक्के सूट मिळते, ६० दिवस उलटले की रक्कम वाढते. नाव माझं, सही माझी, तर भरायलाच हवा. अजूनही घरात विषय निघाला की ते म्हणतात, ही घाबरली. घाबरण्याचा संबंध नाही. दुसऱ्याच्या शहरात मनाई असलेल्या भागात आपण गाडी घालायची आणि वर नोटीस कचऱ्यात टाकायची, हे मला पटत नाही.

तर तुमच्यासाठी. खोली ठरवायच्या आधी गाडी कुठे राहणार ते ठरवा. हॉटेल झेडटीएलच्या आत असेल तर आपला गाडीचा नंबर परवानगीच्या यादीत घालता का, हे त्यांना लेखी विचारा. अनेक हॉटेलं ते करतात. मोठ्या शहरात तर गाडी आत नेऊच नका. फ्लॉरेन्सच्या बाहेर ए-वन महामार्गाला लागूनच व्हिला कोस्तान्झा नावाचं पार्किंग आहे, गाडी तिथे ठेवायची आणि ट्राममध्ये बसून शहरात जायचं. मोठी व्हॅन घेतली असेल तर गॅरेजच्या दारावरची उंचीची मर्यादा बघा. नंबरप्लेटचा फोटो फोनमध्ये ठेवा, मशीन नंबर विचारतं आणि भाड्याच्या गाडीचा नंबर कोणाला पाठ नसतो.

रस्त्यावर लावायचीच वेळ आली तर पाटी पूर्ण वाचा. एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे दिसले तर तो नियम कामाच्या दिवसांचा, आणि इटलीत शनिवार त्यातच येतो. झाडूचं चित्र दिसलं तर ती रस्ता धुण्याची वेळ, तेव्हा गाडी उचलून नेऊ शकतात. दुसऱ्या देशात गेलात तर हे सगळं नव्याने शिकायचं. जर्मनीत पाटीवर तसं सांगितलं असेल तिथे, गाडी कधी लावली ते दाखवणारी निळी तबकडी काचेमागे ठेवून तिच्यावर पोहोचल्यानंतरचा पुढचा अर्धा तास लावतात. सॅन फ्रान्सिस्कोत उतारावर चाकं नियमाप्रमाणे वळवून ठेवली नाहीत तर त्याचाही दंड असतो. गाडी लावल्यावर चारही बाजूंनी फोटो काढा, पाटी आणि रेघांसकट.

हे सगळं मोठ्या आणि जुन्या शहरांबद्दल. लहान गावात वेशीबाहेर पांढऱ्या रेघा मिळाल्या तर बिनधास्त लावा, तिथे गॅरेज शोधत बसायची गरज नाही. बरोबर चालता न येणारं कोणी असेल तर माझा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका. आधी त्यांना मुक्कामाच्या दाराशी कसं पोहोचवायचं ते बघा, टॅक्सीने सोडा, मग गाडीचं.

आणि दुसऱ्या कोणाला चालवायला देणार असाल तर निघायच्या आधी ठरवा: जो चालवत असेल त्याचा दंड त्याने भरायचा, कंपनीच्या शुल्कासकट. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर लिहून टाका. घरच्या माणसांकडून असलं लिहून घेणं बरं दिसत नाही, असं ताईचं मत आहे. माझं नाही. ते पैसे भाऊजींनी अजून दिलेले नाहीत.