क्रोशाचा पट्ट्यापट्ट्यांचा सोपा ब्लाउज पहिल्यांदाच करायचाय, कसा करू?

साखळी आणि खांब येत असेल तर नक्की जमेल. दोन चौकोन विणायचे, पुढचा-मागचा, आणि खांद्यावर जोडायचे. गळ्यासाठी मध्ये २५ सेंमी मोकळं, बाजूंना वरचे २० सेंमी हातासाठी.

नाशिकच्या एप्रिलमध्ये लोकर अंगावर ठेववत नाही, म्हणून सुती धागाच घ्या. रविवार कारंजा, मेन रोडला हातात धरून निवडा. सुई ४ मिमी.

आधी नमुना विणाच. १० सेंमीत १६ खांब बसले आणि छाती ९२ सेंमी असेल, तर निम्मे ४६ अधिक ४ सैल, म्हणजे ५० सेंमीला ८० खांब. साखळ्या ८२ घालून सुईपासून चौथ्या साखळीत खांब घाला; सुटलेल्या तीन साखळ्या पहिला खांब म्हणून धरायच्या.

रंग बदलताना सगळ्यांचं इथेच चुकतं: ओळीचा शेवटचा खांब पूर्ण करू नका. सुईवर दोन फासे उरले की त्यांतून नवा रंग ओढा, पट्टा स्वच्छ येतो. दोन-दोन ओळींचे पट्टे ठेवलेत तर धागा त्याच कडेला परत येतो, कापावा लागत नाही. कडेने वर नेताना मात्र ढिला सोडा. मी घट्ट ओढला होता, अख्खी बाजू आखडली, उसवावी लागली.

आणि प्रत्येक ओळीला खांब मोजा.