निळा डॅम्सेल कुणालाच टिकू देत नाही

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी दीडशे लिटरचा मरीन (समुद्री माशांचा, खाऱ्या पाण्याचा) टँक लावला. टँक सायकल व्हावा, म्हणजे पाण्यातला अमोनिया संपवणारे जिवाणू त्यात वाढावेत, म्हणून आधी एकटा निळा डॅम्सेल मासा सोडला, दिसायला एवढुस्सा आणि निळाशार. पण आता नंतर आणलेल्या प्रत्येकाच्या मागे लागतो, फायरफिश तर दुसऱ्याच दिवशी उडी मारून बाहेर पडला. काय करू? आणि मँडरिन मासा आणायचा आहे, याच्यासमोर निभावेल का तो?
– एक वाचक

उत्तर : अहो, तुमचा नंबर चुकलाय. डॅम्सेल हा शेवटी सोडायचा मासा, तुम्ही तो पहिला सोडलात आणि सहा महिने अख्खा टँक त्याच्या नावावर करून दिलात, मग तो बाकीच्यांना भाडेकरू तरी का ठेवेल! रीफवर (समुद्रातल्या प्रवाळांच्या खडकांवर) हे मासे आपलं भोक आणि भोवतालचा तुकडा राखतात, नर तर अंड्यांवर पहारा करतो, तेव्हा त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा मासा आला तरी अंगावर जातो. तिथे हुसकावलेला मासा लांब निघून जातो, टँकमध्ये जाणार कुठे, काचेपर्यंतच ना.

आता उपाय. डॅम्सेलला बाहेर काढा (जाळीने धरायला गेलात तर सगळे दगड उपसावे लागतील, बाटलीचा सापळा करून आत खाणं ठेवा, सोपं पडतं) आणि आठ-दहा दिवस वेगळा ठेवा. मधल्या वेळात दगडांची मांडणी पूर्ण बदला आणि नवे मासे सोडा. ते रुळले की मग हा, तोही आधी छिद्रांच्या डब्यात, लाइट बंद करून. बऱ्याचदा जमतं. नाही जमलं तर देऊन टाका कुणाला तरी, त्यात कमीपणा कसला. आणि फायरफिश बिचकला की उडी मारतोच, त्यामुळे वर बारीक जाळी हवीच, डॅम्सेल असो-नसो.

सायकलसाठी मासा सोडायची पद्धत मला मुळात पटत नाही. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात, त्या काळात मासा अमोनियात भाजत असतो, डॅम्सेल चिवट म्हणून तगतो एवढंच. बाटलीतला अमोनिया टाकूनही तेच काम होतं.

मँडरिनचं म्हणाल तर त्याला डॅम्सेलपेक्षा उपाशी मरायची भीती जास्त. तो दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड (अगदी बारीक जिवंत जलजीव) टिपत फिरतो, फ्रोझन खाणं बरेचदा तोंडातही घेत नाही, आणि दीडशे लिटरमधले कोपेपॉड तो काही आठवड्यांत संपवेल. पोट आत गेलेलं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यापेक्षा क्लाउनफिशची जोडी घ्या, एक मोठा एक लहान बघून, मोठी ती मादी होते आणि लहान तो नर राहतो, म्हणजे भांडण कमी. त्यांना अ‍ॅनिमोन हा फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी सोबत लागतोच असंही नाही.