रणात तंबू कुठे लावायचा?

प्रश्न : ताई, होळीला जोडून चार दिवस सुट्टी काढलीये. आम्ही दोघं, ११ वर्षांचा मुलगा आणि धाकटे भावजी, असे आमच्याच गाडीने कच्छच्या छोट्या रणात आणि तिथून पुढे धोलावीराला जायचं म्हणतोय. तंबू पण घेतलाय. ह्यांचं म्हणणं एवढं मोकळं रण पडलंय, गाडी आत घालू आणि आवडेल तिथे मुक्काम करू. मला धास्ती वाटते. शिवाय मुलाला उन्हात चालवेल का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : तुमची धास्ती अगदी रास्त आहे, ह्यांना हे वाचायला द्या. छोटं रण म्हणजे घुडखर, म्हणजे रानगाढवांचं अभयारण्य, जवळजवळ ५ हजार चौरस किलोमीटर, तिथे मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. बजाणा किंवा ध्रांगध्राच्या नाक्यावर वनखात्याची परवानगी काढायची, दिवसा आत फिरायचं आणि मुक्कामाला बाहेर यायचं. दसाडा, झैनाबादकडे राहायची सोय आहे, तिथेच अंगणात तंबू लावू देतात का ते आधी फोन करून विचारा.

आणि स्वतःची गाडी आत नकोच. पावसाळ्यात इथे खाडीचं आणि नद्यांचं पाणी भरतं, नंतर वरचा थर वाळून भेगाळतो, बघून वाटतं सिमेंटचं अंगण आहे, पण खाली चिखल तसाच असतो. आम्ही एका मार्चमध्ये हेच केलं, मागचं चाक बसलं ते तीन तास निघेना, शेवटी एका अगरियाने, म्हणजे रणात मीठ पिकवणाऱ्या माणसाने, ट्रॅक्टरने ओढून काढलं. पैसे घेतले नाहीत, वर आपल्या झोपडीत नेऊन चहा पाजला, आणि त्यांना प्यायचं पाणी टँकरने येतं हे मला तिथे बसल्यावर कळलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, स्थानिक माणसाची जीप घ्या, त्याला चाकोऱ्या माहीत असतात, आणि पाणी आपलं आपण न्या. माणशी दिवसाला ४-५ लिटर धरा, जोडीला ओआरएस किंवा मीठ घातलेलं ताक, कारण घामातून मीठ जातं आणि नुसतं पाणी पिऊन भागत नाही.

चालायचं म्हणाल तर मुलाला नक्की जमेल, फक्त घड्याळ सांभाळा. उजाडताना निघा, साडेनऊ-दहाला सावलीत या, मग थेट पाचनंतर. मार्चमध्ये दुपारी पारा ३५ च्या पुढे जातो, पण पहाटे स्वेटर लागतो, तो विसरू नका.

धोलावीरा मात्र चुकवू नका! कर्कवृत्तावरचं हडप्पाकालीन शहर, २०२१ पासून जागतिक वारसा यादीत, खडकात खोदलेले पाण्याचे हौद बघून मुलाचे प्रश्न संपणार नाहीत. जवळच फॉसिल पार्क आहे, तिथे झाडांचे दगड झालेले ओंडके आहेत, तेवढं चालणं सकाळी होतं. पेट्रोल रापरलाच भरून घ्या. परतताना खावड्याकडे जाणारा रस्ता पांढऱ्या रणातून जातो, वेळ असेल तर तसेच पुढे काळ्या डुंगरावर जा, वर दत्ताचं देऊळ आहे, आपल्या लोकांना फार बरं वाटतं तिथे.

भावजींना तारे बघायचे असतील तर होळीची तारीख चुकीची, पौर्णिमा असते, अमावस्येला जोडून जा. पण पांढऱ्या मिठावरचं चांदणं बघायचं असेल तर ह्याच रात्री जा, मी दुसऱ्यांदा त्याचसाठी गेले होते.

रात्री टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका, ह्या भागात फुरसं असतं, सकाळी बूट झटकून घाला. आणि स्टेपनीची हवा बडोद्यातच तपासून घ्या, वेड्या बाभळीचा काटा टायरमधून आरपार जातो.