घरी बनवलेल्या बग्गीचं पासिंग होतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागरला घरामागच्या मांगरात जुन्या मारुती ८०० चं इंजिन आणि गिअरबॉक्स वापरून तुम्ही पाइपांची दोन सीटची बग्गी बनवताय, सांगाडा उभा झालाय, आणि आता तिला एमएच-०८ चा नंबर कसा मिळवायचा.

नाही मिळणार. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला नको. मी हे शिकलो ते दोन पावसाळे वेल्डिंग करून. कायदा मागाहून वाचला, तो आधी वाचला असता तर निदान हेडलाइटचे आणि सीटबेल्टचे पैसे तरी वाचले असते.

मी देवगड तालुक्यातला. आंब्याची कलमं आणि जोडीला वेल्डिंगचं छोटं दुकान. माझ्याकडेही ८०० चंच इंजिन होतं, तीन सिलिंडरचं, ७९६ सीसी. दीड इंची पाइप वाकवून सांगाडा केला आणि खाऱ्या वाऱ्याने पत्रा खाऊ नये म्हणून होडीला मारतात त्या इपॉक्सी रंगाचा हात मारला. शेजारचे तात्या रोज संध्याकाळी गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, बसून बघायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "हिका पासिंग कोण देतलो रे?" मी म्हणायचो, "गाडी नीट असली की देतत." माझी चूक नेमकी इथेच होती, आणि बहुतेक तुमचीही तीच होतेय.

आरटीओच्या एका कॅम्पला गाडी टेम्पोत घालून नेली. मोटार वाहन निरीक्षक भला माणूस. उकिडवा बसून खालून बघितलं, चाक हलवून बेअरिंगचा खेळ बघितला, ब्रेक दाबायला लावला. वेल्डिंगच्या सांध्यावर बोट फिरवून म्हणाला, "काम चांगलंय." मग उठून हात झटकले आणि म्हणाला, "फॉर्म बावीस?"

सगळी मेख त्या बावीस नंबरात आहे. नव्या गाडीच्या नोंदणीला फॉर्म २० हा तुमचा अर्ज, फॉर्म २१ हा विक्रेत्याचा दाखला आणि फॉर्म २२ हा कंपनीचा, म्हणजे गाडी बनवणाऱ्याचा, की ही गाडी धूर, आवाज, ब्रेक, सुरक्षा या सगळ्या नियमांत बसते. मी म्हटलं, "साहेब, बनवणारा मीच. मीच लिहून देतो." तो हसला, पण हिणवून नाही. म्हणाला, तसं लिहून द्यायचा अधिकार ज्याच्या गाडीचा नमुना केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२६ खाली तपासून पास झालाय त्यालाच. ती तपासणी आरटीओत होत नाही, पुण्याच्या एआरएआयसारख्या किंवा अहिल्यानगरच्या व्हीआरडीईसारख्या संस्थेत होते. ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, सीटबेल्टचे बोल्ट कुठे आणि किती ताण घेतात इथपासून धुरापर्यंत. हजारो गाड्या विकणाऱ्या कंपनीला तो खर्च गाडीमागे वाटून टाकता येतो. तुमची एकच गाडी, तुम्ही तो कुणावर वाटणार?

आणि समजा बागायत विकून तेही केलंत, तरी इंजिन आडवं येतं. १ एप्रिल २०२० पासून नवी नोंदणी फक्त बीएस-६ या धुराच्या नियमात बसणाऱ्या गाडीचीच होते. ८०० चं उत्पादन २०१४ मध्येच थांबलं, म्हणजे ते इंजिन त्या परीक्षेला बसायच्या आधीच निवृत्त झालं. तुमची बग्गी आज "नवी गाडी" म्हणून नोंदवायची तर तिला आजचा नियम लागणार, इंजिन कितीही जुनं असो.

आता तुम्हाला जो सल्ला कुणीतरी नक्की देईल, त्याबद्दल जरा सविस्तर. मलाही एका एजंटने दिला होता, वर तीन हजार ॲडव्हान्स घेऊन. "८०० चं आरसी आहे ना? तिचा चासी नंबर कापून पाइपावर बसवू. कागद जुना, गाडी नवी." ऐकायला सोपं वाटतं. पण ८०० ला जीपसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नसतेच. तिची बॉडी हीच चासी. नंबर ठोकलेला असतो बॉडीच्या पत्र्यावरच. तो तुकडा ग्राइंडरने कापलात की त्या क्षणी ती ८०० संपली, तुमच्या हातात उरतो तळहाताएवढा पत्रा. माझ्या टेबलावर तसा तुकडा आठ दिवस पडून होता. कडेला ग्राइंडरचा निळा डाग, मध्ये आकडे. लावायचा मोह झाला नाही असं म्हणणार नाही. मग ओळखीच्या एका हवालदाराने विचारलं, "चोरीची गाडी तू कशी ओळखशील?" नंबराभोवती वेल्डिंगची शिवण दिसली की. त्यापुढे तुम्ही कितीही सांगा, की बाबा मी छंद म्हणून केली, तो फसवणुकीचा आणि बनावटीचाच मामला होतो. ॲडव्हान्स बुडाला, पण त्या तुकड्यापासून वाचलो.

परदेशातले व्हिडिओ बघून तुम्ही विचारताय हे प्रश्नावरून कळतंच. ते खोटे नाहीत. ब्रिटनमध्ये घरी बनवलेल्या एकेका गाडीची वेगळी तपासणी करून तिला मान्यता देण्याची व्यवस्था आहे. कॅलिफोर्नियात अशा गाड्यांसाठी धुराच्या नियमात खास सवलत आहे, तीही वर्षाला पहिल्या ५०० गाड्यांनाच. आपल्याकडे छंदाने एकच गाडी बनवणाऱ्यासाठी असा दरवाजा ठेवलेलाच नाही. माझ्या मते ठेवायला हवा होता. इथल्या पोरांच्या हातात कसब आहे, पण माझ्या मताने नंबर प्लेट मिळत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावची गोष्ट आठवत असेल. (हो, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव तेच.) तिथल्या एका कारागिराने भंगारातून छोटी जीप बनवली, दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, पण त्याच दमात म्हणाले की नियमात बसत नसल्याने ही गाडी आज ना उद्या अडवली जाणार, म्हणून बदल्यात बोलेरो देतो. आणि दिली. एवढा मोठा वाहन उद्योजकसुद्धा "तुझ्या जीपचं पासिंग करून देतो" म्हणाला नाही, यातच काय ते आलं.

मग नोंद असलेली जुनी गाडी घेऊन तिच्यातच बदल केले तर? तिथे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ येतं. कंपनीने जे तपशील दिलेत त्यांच्याशी आरसी जुळलं पाहिजे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. रंग बदलणं, किरकोळ फिटिंग चालतं. मान्यताप्राप्त सीएनजी किट किंवा इलेक्ट्रिक किट मान्यताप्राप्त माणसाकडून बसवून आरसीवर नोंद करून घेणंही चालतं. बॉडीचा ढाचा बदलणं चालत नाही, आणि कलम १८२-अ खाली एकेका बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. गोव्याच्या हद्दीजवळ छप्पर कापलेल्या जीपा दिसतात, त्यांचं उदाहरण मला देऊ नका. पकडले जात नाहीत तोवर सगळेच कायदेशीर असतात.

बिननोंदणीची गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्यांदा पाच हजारांपर्यंत, नंतर दहा हजारांपर्यंत दंड, शिवाय नंतरच्या वेळी कैदही होऊ शकते. मला त्या दंडापेक्षा दुसऱ्या गोष्टीची भीती जास्त वाटते. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही. आपल्या वळणावळणांच्या घाटात कुणाला धक्का लागला तर भरपाई तुमच्या खिशातून, म्हणजे पर्यायाने आंब्याच्या कलमांतून. आणि "रस्ता नको, बीचवर फिरवीन" असा विचार असेल तर किनारा ही सार्वजनिकच जागा आहे. भरतीच्या वाळूत रुतलेल्या पर्यटकांच्या गाड्या ट्रॅक्टरने ओढून आम्ही आधीच कंटाळलोय.

घरात कुणाची खरी जुनी गाडी पडून असेल, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली आणि चासी, बॉडी, इंजिन मूळचंच, तर मात्र मार्ग आहे. २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी आली, नंबरात व्हीए अक्षरं, नव्या नोंदणीची फी २० हजार. पण ती रोज बाजारात न्यायला नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच.

माझी बग्गी आता गडग्याच्या आत चालते. एप्रिल-मेमध्ये सड्यावरून आंब्याचे क्रेट खाली आणते, कातळावर तिच्यासारखी दुसरी गाडी नाही. माझी बाग ग्रामपंचायतीच्या रस्त्याने मधोमध दुभागलीय, रस्ता जेमतेम बारा फुटांचा. तिथे आलं की बग्गी थांबवतो, क्रेट डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडतो आणि पलीकडे हातगाडीत भरतो. तात्या अजून हसतात.

तुम्ही एक काम मात्र लगेच करा. त्या ८०० चं आरसी कुणाच्या नावावर आहे ते बघा. बॉडी कापलेली असेल तर कलम ५५ प्रमाणे नोंदणीकृत मालकाने १४ दिवसांत, किंवा जमेल तितक्या लवकर, आरटीओला कळवून आरसी जमा करायचं असतं. चासी नंबरचा तुकडा फेकू नका, आरसी रद्द करताना तो बघायला मागतात. भंगारवाल्याकडून घेतली असेल आणि आरसी अजून कुणा तिसऱ्याच्याच नावावर असेल, तर आधी त्या माणसाला गाठा.