स्कॉटलंडचा पूर्व किनारा: आठ दिवसांत कोणती गोल्फ मैदाने खेळावीत?

तुम्ही आणि तुमचे धाकटे बंधू येत्या जूनमध्ये आठ दिवसांसाठी स्कॉटलंडला जाणार आहात, दोघांचेही हँडिकॅप (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा; तो जितका कमी, तितका खेळ चांगला) सोळाच्या आसपास आहे, सोबत येणाऱ्या तुमच्या पत्नी खेळत नाहीत पण त्यांना समुद्रकाठाने चालायला आवडते, आणि ओल्ड कोर्स, कार्नूस्टी, किंग्जबार्न्स, म्यूरफील्ड व टर्नबेरी या पाचांपैकी कोणती मैदाने निवडावीत असे तुम्ही विचारले आहे. माझे मत प्रथमच सांगतो. टर्नबेरी सुंदर असले तरी ते थेट पश्चिम किनाऱ्यावर आहे, त्यामुळे ते या सहलीतून वगळावे. उरलेल्या चारांपैकी ओल्ड कोर्स आणि म्यूरफील्ड एवढीच दोन ठेवावीत. रिकाम्या झालेल्या दिवसांत नॉर्थ बेरिक, गलन, एली आणि क्रेल ही मैदाने घ्यावीत, आणि यांतील किमान एक मैदान दोनदा खेळावे.

तुमची यादी मोठ्या स्पर्धांच्या कीर्तीवरून तयार झालेली दिसते. माझ्या मते या किनाऱ्यावर यादी जमिनीवरून करायला हवी. समुद्र आणि शेती यांच्या मध्ये असलेला हा वाळूचा पट्टा नांगरासाठी निरुपयोगी होता, म्हणून तो गावाच्या सामायिक वापरात राहिला. मेंढ्या आणि सशांनी त्यावरचे गवत खुरटे ठेवले, वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या जनावरांनी झिजवलेल्या खळग्यांतूनच सुरुवातीचे अनेक बंकर, म्हणजे अडथळ्याचे वाळूचे खड्डे, तयार झाले असे मानले जाते, आणि माणसाने पुष्कळ नंतर तेथे फक्त झेंडे रोवले. वाळूतून पाणी लगेच निचरून जाते, गवत बारीक आणि विरळ असते, जमीन टणक राहते, आणि त्यामुळे चेंडू पडल्यावर थांबत नाही, तर उतार आणि उंचवटे नेतील तिकडे बऱ्याच अंतरापर्यंत घरंगळतो. झाडांनी वेढलेल्या मैदानांवर खेळून आलेल्या खेळाडूला पहिल्या फेरीत हे सगळे अन्यायाचे वाटते, कारण चांगला फटका बंकरमध्ये जातो आणि अर्धवट बसलेला फटका झेंड्याजवळ पोहोचतो. दुसऱ्या फेरीत तो चेंडू कोठे पडेल याऐवजी कोठे थांबेल याचा विचार करू लागतो, आणि खरा आनंद तेथून सुरू होतो. आठ दिवसांत आठ नवी मैदाने खेळणाऱ्याला ही दुसरी फेरी कधीच मिळत नाही.

पहिले तीन-चार दिवस नॉर्थ बेरिकला मुक्काम करावा. एडिंबरोहून तेथे थेट रेल्वे जाते आणि प्रवास अर्ध्या तासाहून थोडाच अधिक आहे. येथील क्लबची स्थापना १८३२ची आणि वेस्ट लिंक्स हे मैदान गावाच्या टोकापासून सुरू होऊन समुद्राला लागूनच पश्चिमेकडे जाते व परत फिरते. खेळताना फर्थ ऑफ फोर्थ या खाडीतील बेटे डोळ्यांसमोर असतात, आणि पूर्वेला बास रॉक हा ज्वालामुखीय खडक दिसतो, जो उन्हाळ्यात गॅनेट पक्ष्यांनी आणि त्यांच्या विष्ठेने पांढरा झालेला असतो. दोनदा खेळायचे मैदान कोणते, असे विचाराल तर माझे उत्तर हेच आहे. तेराव्या होलवर, म्हणजे फेरीच्या तेराव्या टप्प्यावर, ग्रीनच्या (झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) अगदी पुढ्यात जुनी दगडी भिंत आडवी आहे, आणि ती कोणी नाट्यमयतेसाठी बांधलेली नसून आधीपासून तेथे असल्यामुळे तिला वळसा न घालता खेळात सामावून घेतले गेले. तुमचा दुसरा फटका चुकीच्या कोनातून आला, तर भिंतीपलीकडे हलक्या हाताने चेंडू टाकणे किंवा बाजूला खेळून एक फटका सोडणे, एवढेच दोन मार्ग उरतात.

पुढे पंधरावा होल म्हणजे प्रसिद्ध रेडॅन. क्रिमियन युद्धातील सेवास्तोपोलच्या तटबंदीवरून हे नाव पडले. हा पार तीनचा, म्हणजे तीन फटक्यांत पूर्ण होणे अपेक्षित असलेला, होल आहे, त्याचे ग्रीन तिरके बसलेले असून पुढच्या उजव्या कोपऱ्याकडून मागच्या डाव्या कोपऱ्याकडे उतरते, आणि टीवरून, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागेवरून, त्याचा पृष्ठभाग दिसतच नाही. थेट झेंड्यावर मारलेला चेंडू बहुधा बंकरमध्ये तरी जातो किंवा मागे निघून तरी जातो. उजव्या खांद्यावर उतरवलेला चेंडू मात्र उताराने स्वतःच डावीकडे वळतो. जगभरातील मैदान-रचनाकारांनी या होलची एवढी अनुकरणे केली आहेत की मूळ होल पाहताना, आणि तो गावकुसाजवळच्या अशा साध्या जागी असल्याचे पाहताना, मला दरवेळी विलक्षण कृतज्ञता वाटते. सोळाव्या ग्रीनच्या मधोमध खोल घळ आहे आणि झेंडा कोणत्या भागात आहे हे आधी न पाहता खेळणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागते. तुमच्या पत्नींसाठी येथील पक्षीकेंद्र, बास रॉककडे जाणाऱ्या बोटी आणि किनाऱ्याने जाणारी पायवाट यांत दोन दिवस सहज जातील.

याच मुक्कामातून गलन गाठता येते. तेथील तीन मैदानांपैकी पहिल्या क्रमांकाचे खेळावे. ते गलन टेकडीवर चढत जाते आणि सातव्या टीवर पोहोचताच संपूर्ण फोर्थ, पलीकडचा फाइफचा किनारा आणि खाली पसरलेला अ‍ॅबरलेडीचा उपसागर एकदम समोर येतो. या संपूर्ण किनाऱ्यावर खेळताना दिसणारे सर्वांत मोठे दृश्य हेच, असे मी निःशंकपणे म्हणेन. २०१५ आणि २०१८मध्ये स्कॉटिश ओपन येथे झाली. मुलांसाठी गावात सहा होलचे वेगळे मैदान आहे, आणि सोबत लहान मूल असल्याशिवाय मोठ्यांना तेथे खेळता येत नाही. हा नियम मला फार आवडतो.

म्यूरफील्डबद्दल मात्र थोडे थांबून विचार करावा. येथील क्लबने १७४४मध्ये लीथ येथे तेरा नियम लिहून काढले, जे गोल्फचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने लिखित नियम आहेत; पुढे तो मसलबर्गला गेला आणि १८९१मध्ये येथे आला. क्लब दीर्घकाळ केवळ पुरुषांचा होता. २०१७मध्ये सभासदांनी स्त्रियांना प्रवेश देण्याच्या बाजूने मतदान केले आणि २०२२मध्ये स्त्रियांची ओपन स्पर्धा येथे खेळली गेली. समुद्र येथून दिसतो, पण तो अंगाशी येत नाही, त्यामुळे निव्वळ निसर्गासाठी हे मैदान मी सुचवणार नाही. मी ते सुचवतो ते रचनेसाठी. पहिले नऊ होल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बाहेरून फिरतात आणि पुढचे नऊ त्यांच्या आत उलट्या दिशेने, त्यामुळे वारा सलग अनेक होल एकाच बाजूने लागत नाही आणि प्रत्येक टीवर नव्याने हिशेब करावा लागतो. पाहुण्यांसाठी परंपरेने मंगळवार आणि गुरुवार हे दिवस असतात आणि हँडिकॅपची मर्यादाही असते, म्हणून आरक्षणापूर्वी दोन्ही गोष्टी क्लबकडून लेखी विचारून घ्याव्यात. तुम्ही दोघे भाऊ आहात, तेव्हा एकाच चेंडूवर आळीपाळीने खेळण्याचा, या क्लबला अतिशय प्रिय असलेला प्रकार येथे जरूर खेळून पाहावा.

एडिंबरोजवळच्या मसलबर्गचे नऊ होलचे जुने मैदान घोड्यांच्या शर्यतीच्या धावपट्टीच्या आत आहे. १८७४ ते १८८९ या काळात तेथे सहा वेळा ओपन, म्हणजे ब्रिटनची सर्वांत प्रतिष्ठित गोल्फ स्पर्धा, झाली. पोहोचल्याच्या किंवा परतीच्या दिवशी अर्धा दिवस मोकळा असेल, तर तो येथे घालवावा. देखाव्याची अपेक्षा ठेवू नये.

त्यानंतर फोर्थ ओलांडून फाइफला जावे आणि सेंट अँड्र्यूजला चार रात्री राहावे. चार रात्रींचा आग्रह सोडतीसाठी आहे. ओल्ड कोर्स सार्वजनिक जमिनीवर आहे आणि तेथील खेळ सुरू करण्याच्या बऱ्याच वेळा रोजच्या सोडतीने दिल्या जातात. खेळण्याच्या दोन दिवस आधी किमान दोन खेळाडूंच्या नावाने अर्ज करावा लागतो, आणि तुम्ही दोघे असल्यामुळे ती अट पूर्ण होते. रविवारी, खास स्पर्धा वगळता, मैदान बंद असते, म्हणून मुक्कामात रविवार आला तर खेळण्याची एक संधी कमी होते हे आधीच धरून चालावे. सोडतीत नाव आले नाही, तर एकट्या खेळाडूंसाठी वेगळी सोडत असते, तिच्यासाठी आदल्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन नाव नोंदवता येते; मात्र त्यात दोघे एकत्र खेळाल याची खात्री नसते. हँडिकॅपचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे.

ओल्ड कोर्स पहिल्या नजरेत सपाट आणि काहीसा गोंधळाचा वाटतो, कारण त्याचे वैशिष्ट्य त्याच्या इतिहासात दडलेले आहे. पूर्वी एकाच अरुंद पट्ट्यातून जायचे आणि त्याच होलवरून परत यायचे, अशी पद्धत होती. १७६४मध्ये सुरुवातीचे चार लहान होल एकत्र करून दोन केले गेले, त्यामुळे बावीस होलची फेरी अठरांची झाली, आणि पुढे हाच आकडा सर्वत्र रूढ झाला. जाणारे आणि येणारे खेळाडू एकाच जागी भेटत असल्यामुळे पुढे ग्रीन रुंद करून त्यांवर दोन-दोन झेंडे लावण्यात आले. आजही अशी सात दुहेरी ग्रीन येथे आहेत, आणि प्रत्येक जोडीतील होल क्रमांकांची बेरीज अठरा येते. डावीकडे खेळणे सुरक्षित असते, पण तेथून ग्रीनकडे जाणारा कोन अवघड होतो. उजवीकडे धोका असतो, पण वाट मोकळी मिळते. ही देवाणघेवाण जवळजवळ प्रत्येक होलवर आहे, आणि सतराव्या होलवर, जेथे ग्रीनमागचा रस्ता आणि भिंत दोन्ही खेळाचाच भाग आहेत, ती सर्वांत कठोर होते. येथे कॅडी (बॅग वाहणारा आणि सल्ला देणारा मदतनीस) घेण्यात काटकसर करू नये, कारण टीवरून न दिसणाऱ्या बंकरांची जागा फक्त त्यालाच ठाऊक असते.

एकदा खेळून या मैदानाविषयी मत बनवू नये, याचे सर्वांत मोठे उदाहरण प्रख्यात अमेरिकी खेळाडू बॉबी जोन्स यांचे आहे. १९२१च्या ओपनमध्ये तिसऱ्या फेरीत अकराव्या होलपाशी वैतागून त्यांनी स्पर्धा अर्धवट सोडली. १९२७मध्ये त्यांनी याच मैदानावर ओपन जिंकली, आणि १९५८मध्ये या गावाने त्यांना सन्मान्य नागरिकत्व दिले.

रविवारी तिघांनी मिळून हे मैदान पायी पाहावे. त्या दिवशी गावकरी तेथे फिरायला येतात आणि ग्रीनवर पाय न ठेवता सारे उतार निवांत न्याहाळता येतात. शेजारीच हिमालयाज नावाचे, उंचसखल लाटांसारखे पटिंगचे, म्हणजे चेंडू जमिनीवरून हलकेच घरंगळवत खळीत घालण्याचे, मैदान आहे. ते १८६७मध्ये स्थापन झालेल्या स्त्रियांच्या पटिंग क्लबचे असून इतरांनाही थोड्या शुल्कात खुले असते. तुमच्या पत्नींनी येथे पटर (त्यासाठीची काठी) हातात घ्यावाच. गोल्फ न खेळणाऱ्यालाही जमिनीचा उतार म्हणजे काय, हे तेथे काही मिनिटांत समजते.

आता क्रेल आणि किंग्जबार्न्स. किंग्जबार्न्स २०००मध्ये सुरू झाले, रचनाकार काइल फिलिप्स यांनी शेतजमिनीला असे रूप दिले आहे की वाळूच्या टेकड्या शतकानुशतके तेथेच होत्या असे वाटावे, आणि जवळजवळ प्रत्येक होलवरून समुद्र दिसतो. त्या कौशल्याविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु त्याची फी फार मोठी आहे, आणि तोच समुद्र काही मैलांवरच्या क्रेलच्या बालकोमी मैदानावर पुष्कळ कमी खर्चात मिळतो. क्रेलचा क्लब १७८६चा, बालकोमीची आखणी एकोणिसाव्या शतकातील नामवंत खेळाडू ओल्ड टॉम मॉरिस यांची, आणि मैदान फाइफच्या अगदी टोकावर, खडकांना चिकटून. पार फक्त ६९ आहे. लांबी कमी असली तरी उघड्या वाऱ्यामुळे ते सोपे होत नाही.

एलीचे वैशिष्ट्य असे की पहिल्याच टीसमोर उंचवटा असल्यामुळे पुढचे खेळाडू दिसत नाहीत, म्हणून स्टार्टरच्या (खेळाडूंना क्रमाने सोडणाऱ्याच्या) खोलीत पाणबुडीतून काढलेला पेरिस्कोप बसवला आहे आणि त्यातून पाहूनच खेळायला परवानगी मिळते. सोळा होल पार चारचे, दोन पार तीनचे, पार पाच एकही नाही. पाच वेळा ओपन जिंकणारे जेम्स ब्रेड शेजारच्या अर्ल्सफेरीचे. दहाव्यापासून तेराव्यापर्यंतचे होल थेट उपसागराच्या कडेने जातात, आणि तेथे घाई करू नये. फाइफची किनारी पायवाट एली, क्रेल आणि किंग्जबार्न्स या तिन्ही गावांवरून जाते, त्यामुळे तुमच्या पत्नी एका गावातून निघून दुपारी तुम्हाला दुसऱ्या गावात भेटू शकतात. एलीजवळच्या कड्यावर साखळ्या धरून जाण्याची वाट मात्र केवळ ओहोटीच्या वेळीच घ्यावी, आणि भरतीची वेळ आधी पाहून ठेवावी.

कार्नूस्टी वगळायला सांगितल्याचे तुम्हाला वाईट वाटेल, कारण १९५३मध्ये अमेरिकेच्या बेन होगन यांनी त्यांची एकमेव ओपन तेथेच जिंकली आणि १९९९मध्ये शेवटच्या होलवर तीन फटक्यांची आघाडी असलेले जाँ व्हॅन दे वेल्द तेथेच बॅरी ओढ्यात अडकले. कसोटी म्हणून त्याला तोड नाही. परंतु ते सपाट आहे, समुद्र जवळ असूनही खेळताना फारसा दिसत नाही, आणि सोळाच्या हँडिकॅपला वाऱ्यात तेथे पूर्ण दिवसभर केवळ बचाव करावा लागतो. दोघांपैकी एकाचे मन अगदीच राहत नसेल, तर वगळलेल्यांपैकी किंग्जबार्न्स न घेता ते घ्यावे, पण त्यासाठी क्रेल सोडू नये.

जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणून नॉर्थ बेरिकची दुसरी फेरी संध्याकाळी ठेवावी. अनेक क्लब उशिराच्या वेळेला कमी शुल्क घेतात. बहुतेक मैदानांवर वैद्यकीय कारणाशिवाय बग्गी (मैदानावर फिरण्याची छोटी गाडी) मिळत नाही, तेव्हा हलकी बॅग आणि मुरलेले जलरोधक बूट न्यावेत. पूर्वेचा वारा सुटला की समुद्रावरून दाट धुके आत येते आणि जूनमध्येही अंगात हुडहुडी भरते, त्यामुळे लोकरीची टोपी बॅगेत असावी. आरक्षण करताना क्रम असा ठेवावा: प्रथम म्यूरफील्डचा दिवस निश्चित करावा, मग नॉर्थ बेरिकच्या दोन वेळा, त्यानंतर गलन, एली आणि क्रेल. फाइफमधील एक दिवस पूर्ण मोकळा ठेवावा, म्हणजे सोडतीत नाव लागले तर एलीची किंवा क्रेलची वेळ त्या दिवसावर हलवता येईल.