वाचकांचे प्रश्न : ट्रकमधील एसी-हीटरच्या नॉबमध्ये बदल करताना

प्रश्न (एक ट्रकमालक-चालक, जालना) : माझ्या जुन्या दहा चाकी ट्रकला कंपनीचा हीटर होता, एसी मी नंतर बाहेरून बसवून घेतला. जालन्याहून सळई भरून मी लातूर-नांदेडकडे जातो. दोन महिन्यांपासून ब्लोअरच्या (केबिनमध्ये हवा फेकणाऱ्या पंख्याच्या) चार वेगांपैकी फक्त शेवटचा वेग चालतो, नॉब चटका बसेल इतका तापतो आणि एकदा प्लास्टिक जळाल्याचा वासही आला. हीटरचे जुने लिव्हर आणि एसीचे वेगळे बटण काढून दोन्हींसाठी एकच नवे पॅनल बसवावे, असा विचार आहे. मिस्त्री म्हणतो, ‘स्विच काढून सगळे डायरेक्ट करू, कटकट मिटेल.’ काय करावे?

उत्तर : डायरेक्ट मुळीच करू नका. नवे पॅनल अवश्य बसवा, पण त्याआधी जुने का तापले हे शोधा, नाहीतर तेच दुखणे नव्या पॅनलमध्ये उतरेल.

अशा रचनेत कमी वेगांसाठी विद्युतप्रवाह रेझिस्टरमधून, म्हणजे प्रवाह कमी करणाऱ्या भागातून, जातो आणि शेवटच्या वेगाला तो रेझिस्टर टाळून थेट ब्लोअरच्या मोटारीकडे जातो. म्हणून फक्त शेवटचा वेग उरला, की बहुधा रेझिस्टर किंवा त्यावरचा थर्मल फ्यूज (जास्त तापल्यावर प्रवाह तोडणारा) गेलेला असतो. हा रेझिस्टर मुद्दाम हवेच्या वाटेत बसवलेला असतो, कारण त्याला गार ठेवायला ब्लोअरचीच हवा लागते. रोलिंग मिलच्या आवारातील काळी धूळ आणि रस्त्यावरचा फुफाटा फिल्टरवर व कूलिंग कॉइलवर (हवा थंड करणाऱ्या एसीच्या जाळीवर) बसून हवा अडली, की तो तापून जळतो. मोटारीचे बुश (तिचा दांडा ज्यात फिरतो तो भाग) झिजून ती जड फिरू लागली, तर ती जास्त प्रवाह ओढते आणि त्याचा भार रेझिस्टरवर व स्विचवर असा दोन्हीकडे पडतो. म्हणून आधी ब्लोअर उतरवून हाताने फिरवून पाहा, कॉइल साफ करून घ्या आणि मगच नवा रेझिस्टर लावा.

नॉब तापण्याचे गणित सोपे आहे. ब्लोअर १० अँपिअर ओढतो आणि स्विचच्या काजळलेल्या संपर्कात ०.२ ओहमचा अडथळा तयार झाला आहे असे धरले, तर १० चा वर्ग गुणिले ०.२, म्हणजे २० वॉट उष्णता त्या बोटभर प्लास्टिकच्या आत सतत तयार होत राहते. छोट्या सोल्डरिंग आयर्नची ताकद जवळपास एवढीच असते. चालकाच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, वायरींच्या जुडग्यात ही उष्णता साचत असेल, तर तो वास दुर्लक्ष करण्यासारखा नाही. दुरुस्ती होईपर्यंत ब्लोअरचा फ्यूज काढून ठेवा.

नव्या पॅनलमध्ये ब्लोअरच्या पूर्ण वेगाचा प्रवाह नॉबमधून नेऊ नका. २४ व्होल्टचा रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) बसवून नॉबकडून फक्त त्याच्या कॉइलला, म्हणजे ८५ आणि ८६ या पिनांना, संकेत द्या. ही कॉइल पाव अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह घेते. मुख्य प्रवाह बॅटरीकडून फ्यूजमार्गे ३० नंबरच्या पिनेवर येऊन ८७ मधून मोटारीकडे जाईल. १० अँपिअरच्या ब्लोअरला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि १५ अँपिअरचा फ्यूज पुरेसा आहे. फ्यूज बॅटरीच्या बाजूला ठेवा, कारण वायर वाटेत कुठे घासली तर बॅटरी ते फ्यूज या भागाला फ्यूजचे संरक्षण मिळत नाही. अर्थिंगची वायरही तेवढीच जाड हवी आणि ती रंग खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट बसवलेली हवी. वेगासाठी इलेक्ट्रॉनिक नियंत्रक घेणार असाल, तर गाडी चालू असताना २४ व्होल्टच्या गाडीत साधारण २८ व्होल्ट येतात हे लक्षात ठेवून, त्याहून जास्त व्होल्टेज सहन करणाराच घ्या.

आता एसीच्या बटणाविषयी, कारण ‘डायरेक्ट’चे सर्वांत मोठे नुकसान तेथे होते. एसीचा गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरला इंजिनशी जोडणाऱ्या क्लचपर्यंत वीज पोहोचण्याआधी ती एका साखळीतून जायला हवी : ब्लोअर चालू आहे का, बटण दाबले आहे का, थर्मोस्टॅट (तापमान पाहणारा स्विच) काय सांगतो आणि प्रेशर स्विच (गॅसचा दाब पाहणारा) काय सांगतो. ब्लोअर बंद असताना कॉम्प्रेसर चालला तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो. गॅस कमी झाल्यावर प्रेशर स्विच कॉम्प्रेसर थांबवतो, कारण त्याचे वंगण गॅसबरोबरच फिरत असते. गॅस नाही म्हणजे तेल नाही. कंडेन्सरचा (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचा) पंखा बंद पडून दाब फार वाढला, तरीही हाच स्विच क्लचची वीज तोडतो. मे महिन्यात परभणी-नांदेडच्या रस्त्यावर पारा ४३-४४ अंशांवर असताना एसी मधूनच बंद पडतो म्हणून कोणी हा स्विच वगळून वायर थेट जोडून टाकत असेल, तर तो आपल्या कॉम्प्रेसरचा जीव घेतो आहे. क्लचच्या कॉइलवर डायोडही (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावून घ्या, म्हणजे प्रत्येक वेळी क्लच सुटताना उसळणाऱ्या व्होल्टेजने रिलेचे व पॅनलचे संपर्क जळणार नाहीत.

हीटरचे तंत्र निराळे आहे. तेथे नॉब उष्णता तयार करत नाही, तर पोलादी केबलने हवेची झडप किंवा इंजिनकडून येणाऱ्या गरम कूलंटचा कॉक फिरवतो. लिव्हर जड चालतो तो बहुतेक वेळा केबलला पडलेल्या मोडीमुळे. नव्या पॅनलमागे केबल मोठ्या वळणाने नेली नाही, तर नवा नॉबही तसाच अडेल. एसी चालू असून केबिन कोमट राहत असेल, तर गॅस भरण्याआधी हा कॉक पूर्ण बंद होतो का ते पाहा. कॉक बंद करून गाडी काही वेळ चालवल्यावर त्याच्या पुढचा होज (रबरी नळी) गरमच लागला, तर थंड हवेत हीटरची ऊब मिसळते आहे.

पॅनल निवडताना माझा कौल ठामपणे फिरणाऱ्या नॉबला आहे. पावसाळ्यात घाटात काचेवर वाफ धरते, तेव्हा हवा काचेकडे वळवणे, बाहेरची हवा आत घेणे आणि एसीने ती कोरडी करून हीटरने थोडी ऊब देणे हे सगळे रस्त्यावरची नजर न हटवता हातांना सापडले पाहिजे. हिवाळ्यात परभणीकडे पारा एक आकडी होतो, त्या पहाटे हातमोजे घालूनही नॉब फिरतो. टच स्क्रीनला डोळे लागतात.

प्रश्न (एक वाचक, बीड) : कारचे जुने १२ व्होल्टचे एसी पॅनल स्वस्तात मिळते आहे. ट्रकच्या दोनपैकी एका बॅटरीवरून ते चालवता येईल का?

उत्तर : चालेल, पण बॅटऱ्या खराब होतील. दोन्ही बॅटऱ्या एका माळेत असून अल्टरनेटर त्यांना सारखाच प्रवाह देतो. एकीवरूनच भार घेतला, तर ती कायम अपुरी भरलेली राहते आणि दुसरी जादा भरून तिचे पाणी आटते. २४ वरून १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर हाच योग्य मार्ग आहे, तोही फक्त पॅनलपुरता. ब्लोअर आणि क्लच २४ व्होल्टचेच ठेवून रिलेमार्फत चालवा. पॅनलमध्ये झडपा फिरवणाऱ्या छोट्या मोटारींची नियंत्रणे असतील, तर ती त्याच कारच्या मोटारींशी व सेन्सरशी जुळवलेली असतात आणि ट्रकच्या केबलला त्यांचा उपयोग नसतो. तसे असेल तर पैसे घालवू नका.

प्रश्न (एक वाचक, धाराशिव) : ट्रकला एसी सक्तीचा झाला आहे ना? मग माझ्या २०१७ च्या गाडीला बसवावाच लागेल का?

उत्तर : नाही. २०२५ मध्ये लागू झालेली ही सक्ती फक्त नव्याने तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालवाहू गाड्यांच्या केबिनला आहे. जुन्या गाडीला एसी बसवणे आपल्या इच्छेवर आहे, आणि दिवसाचे दहा-बारा तास त्या केबिनमध्ये बसणाऱ्या चालकासाठी तो जरूर बसवावा, असे मला वाटते. बसवल्यावर विमा कंपनीला लेखी कळवा आणि वायरिंगचा हाताने काढलेला का होईना, एक नकाशा मिस्त्रीकडून घेऊन गाडीच्या कागदपत्रांत ठेवा.